जांभळा रंग कुणी पळवला?

१

बुधवारी सकाळी सव्वासातला मुलांच्या वॉर्डमध्ये चोरी उघडकीला आली. चोरीला गेला होता एक रंग.

मोठ्या सिस्टर नेहमीसारख्या टेबलापाशी उभ्या होत्या. समोर छोट्या कपात खाट चारची सकाळची पहिली लघवी, हातात कागदी पट्टी. पट्टी बुडवायची, पंधरा आकडे मोजायचे आणि टोकाचा चौकोन वहीत चिकटवलेल्या रंगांच्या तक्त्याशी ताडून बघायचा. मधले दोन दिवस सोडले तर तीन आठवडे तो चौकोन पिकल्या जांभळासारखा गडद होत होता. काल तो नुसताच गुलाबी झाला, तेव्हा सिस्टरांच्या कपाळाला एक आठी पडली होती. आज त्यांनी पंधरा आकडे मोजले, आणखी पंधरा मोजले, मग मोजणं सोडून दिलं. चौकोन पिठाच्या रंगाचा होता, तसाच राहिला.

"कुणीतरी पोरीला साखर चारलीय," त्या हळूच म्हणाल्या. मोठ्या सिस्टरांचं हळू म्हणजे दोन वॉर्ड पलीकडे ऐकू जाणारं हळू.

खाट चारवरची पोर सहा वर्षांची. तिला सगळे वकीलबाई म्हणत, कारण पुराव्याशिवाय ती काहीच मानत नसे. थर्मामीटर लावायला गेलं की विचारी, "काल लावला होता, त्याचं काय झालं?" दाखल झाली तेव्हा मात्र ती जवळजवळ मुकी होती. दिवसाला वीस-पंचवीस झटके, आणि ते थांबवण्यासाठीच्या औषधांनी डोळ्यांवर कायमची झापड. तिची आई म्हणायची, पोर समोर असते पण घरी नसते.

मग मेंदूच्या डॉक्टरांनी शेवटचा उपाय काढला, तो म्हणजे आहार. साखर नाही, पाव नाही, बटाटा नाही, फळ नाही. लोणी, साय, तेल, अंडं आणि नावाला भाजी, तेही ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलून. साखर मिळेनाशी झाली की शरीर चरबी जाळायला घेतं आणि तिच्यातून केटोन नावाचं इंधन काढतं. मेंदू त्या इंधनावर चालायला लागला की त्याच्या आतली पळापळ शमते. का शमते, ते डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नव्हतं, आणि तसं ते सरळ सांगत. हा गुण सगळ्या डॉक्टरांत सापडत नाही. पट्टीवरचा जांभळा रंग म्हणजे आत इंधन तयार होत असल्याची रोजची पावती. गेले अकरा दिवस वकीलबाईंना एकही झटका आला नव्हता, आणि वॉर्डात त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकलं नव्हतं.

आठ वाजता डॉक्टर आले. त्यांनी पट्टी उजेडात धरली, वही चाळली, खुर्ची ओढून बसले.

"अर्धवट पाळलेला हा आहार म्हणजे दोन्हीकडून मार," ते पोरीच्या आईला म्हणाले. "मला उद्या बाराच्या फेरीला कळलं पाहिजे, साखर कुठून आली. भोक सापडलं तर बुजवीन. नाही सापडलं, तर गळक्या बादलीत पाणी ओतण्यात अर्थ नाही. आहार बंद करायचा, जुनी औषधं पुन्हा सुरू."

"म्हणजे ती परत तशीच..."

"हो," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी खाली बघून म्हटलं, एवढं त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

"रक्त तपासून बघायचं का?" सिस्टरांनी विचारलं.

"करार!" खाटेवरून आवाज आला.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी पोरीला शब्द दिला होता, सुई फक्त शुक्रवारी, आणि तीही विचारून. पोर तो शब्द रोज सकाळी त्यांच्याकडून म्हणवून घेत असे. डॉक्टरांनी हात वर केले. एवढा पिठासारखा पांढरा पुरावा समोर असताना आणखी रक्त कशाला, असंही त्यांना वाटलं असावं.

त्यात सिस्टरांनी चादर बदलायला गादी उचलली. गादीखाली ओळीनं मांडून ठेवलेले सात चकचकीत कागद होते. चॉकलेटचे.

२

ही बातमी आहाराच्या स्वयंपाकघरात पोचली तेव्हा ग्रॅमताई लोणी तोलत होत्या.

त्यांचं खरं नाव हजेरीपटात असेल. एकवीस वर्षं त्या रुग्णालयाच्या आहारघरात तोलायचं काम करत होत्या, आणि या एकवीस वर्षांत त्यांनी माणसंही तोलायला शिकून घेतलं होतं. कोण किती खोटं बोलतं, कोण किती घाबरतं, कोणाची माया किती आणि मायेचं प्रदर्शन किती, सगळं त्यांच्याकडे दशांशासकट होतं. फक्त ते त्या कुणाला वाचून दाखवत नसत.

बातमी आणली ती मावशींनी. मावशी म्हणजे स्वयंपाकघरातलं उचल-ठेव, पूस-पास बघणाऱ्या. बारीक, चपळ, आणि नियमाला इतक्या पक्क्या की घड्याळानं त्यांना वेळ विचारावी.

"सात कागद, ताई! सात! मी म्हणते मामाचंच काम. तो हसरा माणूस. जास्त हसणाऱ्याचा मला कधीच भरवसा वाटत नाही."

"तुम्हाला कमी हसणाऱ्यांचाही वाटत नाही."

"म्हणून तर अजून फसले नाही."

ग्रॅमताईंनी लोणी बाजूला ठेवलं. दुसऱ्याच्या घरात चोर शोधायला निघण्याआधी आपलं घर झाडावं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी कपाटातून पितळी वजनं काढली आणि काट्यावर एक एक ठेवली. काटा चोख. मग गेल्या तीन दिवसांची ताटं त्यांनी वहीतून मनात पुन्हा वाढली. सोमवार बरोबर, मंगळवार बरोबर. साईचा डबा तोच, तेलाची बाटली तीच. नवीन काही पोरीच्या पोटात गेलं नव्हतं.

"आता उठा," त्या स्वतःलाच म्हणाल्या. पोरीच्या आहाराचा एकेक कण त्यांच्या हातून जात होता. तिला झापडीत परत पाठवायचं, तर तेही त्यांच्याच काट्यावरून होणार होतं, आणि ते त्यांना पटेना.

३

मामा व्हरांड्यात बाकावर सापडला. धंद्यानं कुलपं दुरुस्त करणारा, त्यामुळे हातात काही नसलं तरी बोटं कशाशी तरी खेळत असायची. आज तो हसत नव्हता.

"कागद तुमचे?" ग्रॅमताईंनी विचारलं.

"कागद माझे. चॉकलेटंही माझीच. खाल्लीही मीच."

"आणि कागद तिला?"

"तुम्ही हसाल, ताई."

"मला हसवणं सोपं नाही. सांगा."

मामानं मान खाली घातली. "गेल्या आठवड्यात तिनं मला सांगितलं, मामा, मला चॉकलेट नको, मला माहितीय मी खायचं नाही. पण मला रंग तर बघू दे. मग आमचं ठरलं. रोज मी खाली फाटकापाशी एक खायचं आणि कागद तिला आणून द्यायचा. ती म्हणाली, मामा, धुऊन आण, चुकून जीभ लागली तर? सहा वर्षांची पोर! मी नळावर कागद धुतो आणि इस्त्रीवाल्याच्या दुकानात सपाट करून घेतो. इस्त्रीवाला मला वेडा समजतो."

ग्रॅमताईंनी सिस्टरांकडून कागद मागून घेतले होते. त्यांनी त्यातला एक उजेडात धरला. घडीच्या खाचेत चॉकलेट राहतं, ते कुणालाच नुसत्या जिभेनं काढता येत नाही. या खाचा कोऱ्या होत्या आणि कागदाला साबणाचा वास होता. मामा खोटं बोलत असता तर त्यानं यापेक्षा बरी गोष्ट रचली असती. इतकं वेडगळ फक्त खरंच असतं.

"तुमची भाची फार मोठी होणार," त्या म्हणाल्या.

"आधी मोठी तर होऊ दे, ताई," मामा म्हणाला.

आई खाटेपाशी होती. आठ दिवस न झोपल्यासारखा चेहरा. पोर कागदावर काहीतरी रेघोट्या मारत होती आणि मधूनच मान वर करून दोघींकडे पाहत होती.

"तिच्या खाण्यात काही वेगळं झालं? दात घासायची पेस्ट, अंगाला लावायचं काही?"

"नाही हो. सगळं तुमच्याच घरचं. आणि मला तर..." आई घुटमळली. "मला तर ती आहे तशीच वाटते. तोंडाला अजून तसाच वास येतो. नखांचा रंग पुसायचं ते पाणी असतं ना, तसा. मुका घ्यायला गेलं की वाटतं, हिनं नखं पुसली की काय."

"अजून येतो? आज सकाळी?"

"आज सकाळीही."

"ताई," खाटेवरून प्रश्न आला, "माझ्यावर आरोप काय आहे?"

"तुझ्यावर नाही, बाळा."

"मग माझी गादी का उचलली?"

ग्रॅमताईंनी गादीवरची चादर सरळ केली. त्या स्वयंपाकघरात परतल्या. दुपारभर त्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी फिरत राहिल्या, पांढरी पट्टी आणि नखं पुसल्याचा वास. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. पण पट्टी आणि आई, दोघींपैकी कुणीच खोटं बोलणारं वाटत नव्हतं.

४

गुरुवारी सकाळी पट्टी पुन्हा पांढरी आली. साडेआठला आई आपणहून मोठ्या सिस्टरांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "शोधू नका. मीच दिली."

सिस्टरांनी ग्रॅमताईंना बोलावणं धाडलं. आहाराचा मामला, त्यांच्यासमोरच व्हायला हवा.

"काय दिलं?" ग्रॅमताईंनी विचारलं.

"साखर. एक चमचा. मंगळवारी दुपारी."

"कशातून?"

"दुधातून."

"दूध कुठून आणलं? तिला साय मिळते, दूध नाही."

"खालून. उपाहारगृहातून."

"गरम की गार?"

"गरम."

"आणि तिनं प्यायलं? काही न विचारता?"

या पोरीनं काही न विचारता दूध प्यायलं, हे त्या वॉर्डात भिंतीलाही पटलं नसतं.

ग्रॅमताईंनी तिला खिडकीशी नेलं. "का गं? स्वतःवर का घेतेस?"

मग ते आलं, दबक्या आवाजात, तुकड्यातुकड्यानं. "डॉक्टर म्हणाले ना, भोक सापडलं तर बुजवीन. मग मी भोक झाले, ताई. ते मला खाली बसवतील, भेटायला बंदी करतील. करू देत. पण आहार तरी चालू राहील. मला लांबून दिसली तरी चालेल. बोलताना दिसली पाहिजे."

ग्रॅमताईंनी खूप वजनं केली होती. या वाक्याला लावायला त्यांच्याकडे वजन नव्हतं.

"तू बस," त्या म्हणाल्या. "खोटा कबुलीजबाब फार जड असतो आणि टिकत नाही. मला तीन तास दे."

खरं तर साडेतीन होते. अर्धा तास त्यांनी स्वतःसाठी हातचा राखला.

५

त्यांनी वॉर्डाची वही घेतली आणि पहिल्या दिवसापासून वाचायला सुरुवात केली. लोक वहीत लिहिलेलं वाचतात. ग्रॅमताई न लिहिलेलंही वाचत.

बाराव्या दिवशी एक अपघात झाला होता. रात्रपाळीच्या नवख्या डॉक्टरांनी पोरीला खोकल्याचं गोड औषध दिलं. वहीत स्पष्ट होतं: दुपारपर्यंत रंग एकदम उडाला, संध्याकाळी झटका आला, तिसऱ्या दिवशी रंग परत गडद. म्हणजे साखरेची चाल कशी असते ते वहीनं आधीच दाखवलं होतं. साखर दारं ठोठावत येत नाही. धाडकन येते, गोंधळ घालते आणि निघून जाते.

आणि या वेळी? सोमवारी गडद. मंगळवारी गुलाबी. बुधवारी पांढरा, गुरुवारी पांढरा. पायरी पायरीनं उतरलेला रंग, आणि परत यायचं नाव नाही. मधल्या तीन दिवसांत झटके किती? त्या रकान्यात सिस्टरांच्या ठसठशीत अक्षरात शून्य, शून्य, शून्य.

ग्रॅमताईंनी त्या शून्यांवर बोट ठेवलं. चूल विझली म्हणता, मग घरातली माणसं जेवून उठली कशी? पोरीच्या मेंदूला तीन दिवस इंधन नसतं, तर मेंदूनं बोंब मारली असती. उलट पोर कालच विचारत होती, माझ्यावर आरोप काय. रोज तोच वास, तीच बडबड, तीच शून्यं. पांढरी होती ती एकटी पट्टी.

चोर पोरीच्या तोंडापाशी नव्हताच.

त्या तडक तळमजल्यावर प्रयोगशाळेत गेल्या. तिथला तंत्रज्ञ कपाळावर एक आणि नाकावर एक असे दोन चष्मे बाळगी, म्हणून सगळे त्याला दुहेरी म्हणत.

"दुहेरी, ही पट्टी नेमकं काय बघते? मला शाळेतल्या पोरासारखं सांग."

दुहेरीला कुणी काही विचारत नसे. त्याचा चेहरा उजळला. "बसा. तीन भावंडं आहेत. चरबी यकृतात जळते आणि आधी बनतं ॲसिटोॲसिटेट. हे मधलं. त्याच्यातलं थोडं आपोआप फुटून ॲसिटोन होतं. ते धाकटं, उडाणटप्पू. श्वासातून बाहेर पळतं."

"नखं पुसल्याचा वास."

"तोच! आणि बराचसा भाग होतो बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट. हे थोरलं. चार कार्बनची साखळी, पाण्यात सहज विरघळणारी. रक्तात कुणाच्या खांद्यावर न बसता आपल्या पायांनी हिंडतं. नुसती चरबी मेंदूच्या दारातून आत शिरू शकत नाही. हे शिरतं. माणूस बरेच दिवस उपाशी राहिला ना ताई, तर मेंदूचं अर्ध्याहून जास्त घर हे चालवतं. नाहीतर मेंदूला साखर पुरवायला शरीरानं आपलेच स्नायू मोडून खाल्ले असते. या थोरल्यानं माणूसजातीला किती दुष्काळांतून पार नेलं असेल, कुणी मोजलंय?"

"आणि बनवतं यकृत."

"बनवतं यकृत, आणि गंमत ऐका. यकृत स्वतः ते खाऊ शकत नाही. ते पचवायला लागणारं हत्यारच त्याच्याकडे नाही. सगळ्यांना वाढतं, हृदयाला, स्नायूंना, मेंदूला, आणि स्वतः दुसरंच काही खाऊन भागवतं."

ग्रॅमताईंनी एकवीस वर्षं दुसऱ्यांची ताटं तोलली होती. त्यांना यकृताबद्दल एकदम आपुलकी वाटली. अंधारात बसून, कुणी न सांगता, मागेल त्याला मागेल तेवढं रांधणारा असा स्वयंपाकी त्यांच्या पोटातही होता, आणि त्याची विचारपूस त्यांनी कधी केली नव्हती.

"मग पट्टी थोरल्याला मोजते?"

"तिथेच तर मेख आहे. थोरल्याला केटोनांच्या घरात धरतात खरं, पण रसायनाच्या नियमानं तो केटोनच नाही. केटोनची जी खूण, ती त्याच्या अंगावर उरलेलीच नसते. पट्टीवरचं रसायन ती खूण पाहूनच जांभळं होतं. म्हणून ते मधल्याला ओळखतं आणि थोरल्याच्या तोंडाकडे बघतही नाही. थोरला मोजायचा तर रक्ताचा एक थेंब लागतो. तातडीच्या विभागात छोटं यंत्र आहे, बोटाला टोचायचं."

"पण मधला असेल तर पट्टी जांभळी होणार ना?"

"झालीच पाहिजे."

"नाही झाली तर?"

दुहेरीनं कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर केला. "तर ताई, पट्टी आंधळी झालीय. तिला बहुतेक वेळा एकच गोष्ट आंधळी करते. दमट हवा. म्हणून तर तिच्या डबीच्या झाकणात ओल शोषणारे खडे असतात. डबी कुठे आहे?"

ग्रॅमताई खुर्चीवरून उठल्या. डबी कुठे आहे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण डबी का नाही, ते त्यांना एका क्षणात कळलं.

६

पावणेबारा वाजता त्या स्वयंपाकघरात शिरल्या तेव्हा पातेल्यांतून वाफ निघत होती. शेगडीच्या वरच्या फळीवर, रोजच्यासारख्या, बिनचित्राच्या काचेच्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या. मीठ. सुकी पानं. कागदी वाट्या. आणि टोकाला एक बरणी, आत उभ्या ठेवलेल्या पांढऱ्या पट्ट्या.

"मावशी, या पट्ट्या कधी भरल्यात?"

"सोमवारी. जुन्या संपल्या, पोरीच्या सामानाबरोबर नवी डबी आली. डबीवर एक बाई लालभडक सफरचंद खात होती. मी म्हटलं, वॉर्डात जायचं नाही हे चित्र. लगेच बरणीत भरल्या आणि डबी फेकून दिली. रोज सकाळी एक पट्टी वर नेऊन देते सिस्टरांना." मावशी अभिमानानं बोलत होत्या. मग त्यांनी ताईंचा चेहरा पाहिला. "नियम होता ना, ताई? तुमचाच?"

नियम होता. त्यांचाच. पहिल्या आठवड्यात पोर एका खोक्यावरचं केकचं चित्र बघून दोन तास रडली होती. तेव्हा ग्रॅमताईंनी हुकूम काढला होता: तिच्यासाठी येणारी कुठलीही वस्तू चित्राच्या वेष्टनातून बाहेर काढायची आणि साध्या बरणीत भरायची. विचारायचं नाही, अपवाद करायचा नाही. सगळ्यांनी त्या हुकमाचं कौतुक केलं होतं. स्वतः ग्रॅमताईंनी तर फारच.

काल सकाळी त्यांनी आपलं घर झाडलं होतं. काटा तपासला, वजनं तपासली, ताटं तपासली. तपासला नव्हता तो फक्त स्वतःचा चांगुलपणा. तो कुणी तपासत नाही.

"तुमची चूक नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "तुम्ही नियम पाळलात. नियम माझा होता."

त्यांनी बरणी पदराआड घेतली, दुहेरीकडून नव्या बंद डबीतल्या दोन पट्ट्या घेतल्या आणि बाराला तीन मिनिटं कमी असताना वॉर्डात पोचल्या. डॉक्टर खुर्चीवर बसले होते. पुढ्यात जुन्या औषधांचा कागद, हातात पेन. आई भिंतीला टेकून उभी.

"सापडलं का भोक?" डॉक्टरांनी विचारलं.

"सापडलं. माझ्या फळीवर."

त्यांनी सकाळच्या त्याच कपात दोन पट्ट्या बुडवल्या, एक बरणीतली, एक बंद डबीतली. सिस्टर मोजू लागल्या. दहाच्या पुढे त्यांचा आवाज थांबला. बरणीतली पट्टी पिठासारखी पांढरीच होती. दुसरीच्या टोकाला आधी गुलाबी, मग वांगी, मग गर्द जांभळा रंग चढत गेला.

ग्रॅमताईंनी सगळं सांगितलं, दुहेरीची तीन भावंडं, वाफ, बरणी, सफरचंद, नियम. काही गाळलं नाही, स्वतःसाठी तर मुळीच नाही. "हिनं कबुली दिली ती खोटी. मी देतेय ती खरी. आणि साखर पोरीला कुणीच दिली नाही. मामानं तर चॉकलेटचे कागदही धुऊन आणले."

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "माझंही चुकलंच. तीन शून्यं माझ्यासमोर होती." ते आईकडे वळले. "बाई, तुमची माफी मागतो."

आईनं मान हलवली, पण ती ग्रॅमताईंकडे बघत होती. त्या नजरेत आभार होते, रागही होता, आणि दोन्ही भरपूर होते. "दोन दिवस, ताई," ती एवढंच म्हणाली. "दोन दिवस मी माझ्या भावाकडे चोर म्हणून बघत होते."

ग्रॅमताईंनी ते ऐकून घेतलं.

७

"तरी मला रक्तातला आकडा बघायचाय," डॉक्टर म्हणाले. "पट्टी मधल्याला बघते. पोरीला जगवतो थोरला. तातडीच्या विभागातून यंत्र आणलंय. आता प्रश्न एवढाच, की पक्षकार तयार आहेत का?"

सगळ्यांनी खाट चारकडे पाहिलं. वकीलबाई मांडी घालून बसल्या होत्या.

"आज शुक्रवार नाही."

"नाही. म्हणून विचारतोय. एकच थेंब, बोटाचा. नाही म्हणालीस तर उद्या."

पोरीनं विचार केला. "म्हणजे चूक ग्रॅमताईंची होती?"

"हो," ग्रॅमताई म्हणाल्या.

"आणि आरोप आईवर आला?"

"हो."

"आणि माझी गादी उचलली?"

"तेही खरं."

"मग त्यांना शिक्षा काय?"

मोठ्या सिस्टर हसू दाबायला खोकल्या. डॉक्टर म्हणाले, "ते कोर्टानं ठरवावं."

कोर्टानं हाताच्या बोटांकडे पाहिलं, आधी स्वतःच्या, मग ग्रॅमताईंच्या. "यंत्र जेव्हा जेव्हा येईल तेव्हा आधी त्यांचं बोट. मग माझं. दर वेळी. घरी गेल्यावरसुद्धा, तपासायला आले की."

"मान्य," ग्रॅमताई म्हणाल्या आणि त्यांनी बोट पुढं केलं. एकवीस वर्षांत त्यांचं स्वतःचं कुणी काही मोजलं नव्हतं. सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि पोरीनं ते बारकाईनं पाहून ठेवलं.

यंत्र चिवचिवलं. शून्य दशांश एक.

"म्हणजे किती?" पोरीनं विचारलं.

"म्हणजे जवळजवळ नाहीच. मी सकाळी पाव खाल्लाय, म्हणून माझ्या पोटातला स्वयंपाकी आज निजलाय."

मग पोरीनं बोट दिलं. डोळे उघडे ठेवून. आईनं श्वास धरला, मामानं दाराशी श्वास धरला. मोठ्या सिस्टरांनीही धरला, पण त्या तो कबूल करणार नाहीत.

यंत्र चिवचिवलं. चार दशांश तीन.

"जास्त कुणाचं?"

"तुझं," डॉक्टर म्हणाले. "चाळीस पटींनी जास्त. सुंदर आकडा आहे. हवा तसाच."

"मग मी जिंकले," वकीलबाई म्हणाल्या. ग्रॅमताईंनी आपलं ठणकणारं बोट तोंडात धरलं होतं, त्याकडे पोरीनं जरा वेळ पाहिलं आणि दिलासा देत म्हणाली, "पुढच्या वेळी पाव खाऊन येऊ नका."